घरी एक भाषा, शाळेत दुसरी: इंटरनॅशनल स्कूलपासून हिंगोलीच्या तांड्यापर्यंत

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना दोनदा-तीनदा आलेली वाक्यं काढली आहेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय. एसटीत हॉर्नच्या आवाजात काही ऐकू येत नसेल किंवा हेडफोन घरी राहिले असतील, तर वाचून काढा.)

आजचा विषय आहे भाषा. म्हणजे व्याकरण वगैरे नाही, घाबरू नका. आज बोलायचंय अशा पोरांबद्दल, ज्यांची घरची भाषा एक, शाळेची दुसरी आणि गल्लीतली तिसरी.

असं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लगेच परदेशातली इंटरनॅशनल स्कूल येते. आई-बाबा मराठी, नोकरी दुबईत किंवा सिंगापूरला, वर्गात वीस देशांची पोरं, शिकणं इंग्रजीत, शिवाय फ्रेंच नाहीतर अरबी. आपण म्हणतो, काय हुशार पोरगं आहे, चार भाषा बोलतं!

आता दुसरं पोरगं बघा. सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरचं. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली. झेडपीच्या शाळेत मराठी. बाजारात हिंदी, मुसलमान मित्राशी दखनी, आणि पहिलीपासून इंग्रजीचं पुस्तक. मोजा बरं. याच्याही चार-पाच भाषा झाल्या. पण याला कुणी ग्लोबल म्हणत नाही. याला म्हणतात, "भाषा कच्ची आहे."

दोघांच्या डोक्यात चालू असलेलं काम एकच. मग एकाला शाबासकी आणि दुसऱ्याला शेरा, असं का? आज हेच समजून घेऊ.

[०२:१०] ही शाळा आली कुठून?

आधी थोडा इतिहास. इंटरनॅशनल स्कूल ही कल्पना शंभर वर्षांपूर्वीची आहे. पहिल्या महायुद्धानंतर जिनिव्हात राष्ट्रसंघाचं आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं ऑफिस सुरू झालं. वेगवेगळ्या देशांचे अधिकारी बायका-पोरांसह तिथं आले. या पोरांनी शिकायचं कुठं? म्हणून १९२४ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. पुढे १९६८ मध्ये, जिनिव्हातच, इंटरनॅशनल बॅकलॉरिएट म्हणजे 'आयबी' सुरू झालं. हेतू साधा होता. बापाची बदली झाली तरी पोराचा अभ्यासक्रम बदलू नये.

अशा पोरांसाठी इंग्रजीत एक शब्द आहे, 'थर्ड कल्चर किड'. म्हणजे तिसऱ्या संस्कृतीतलं मूल. आई-बापाची संस्कृती पहिली, राहतो त्या देशाची दुसरी, आणि या दोन्हींच्या मधे पोरांनी स्वतःची उभी केलेली तिसरी. आता गंमत ऐका. हा शब्द रूथ हिल युसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात रूढ केला, आणि तो सुचला कुठं, तर भारतात. त्या आणि त्यांचे पती भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करत होते. म्हणजे जगभर वापरला जाणारा हा शब्द आपल्याच देशात जन्माला आला. फक्त तेव्हा बघितली गेली ती बाहेरून आलेली पोरं. इथलीच पोरं, जी रोज सकाळी घराचा उंबरा ओलांडून दुसऱ्या भाषेत जात होती, त्यांना कुणी असं नाव दिलं नाही.

[०४:३०] आपल्या हिंगोलीचा भाषांचा नकाशा

हिंगोली जिल्हा तसा नवा. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. तालुके पाच: हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव. जिल्हा लहान, पण भाषा मोजायला बसलात तर बोटं पुरायची नाहीत.

पहिली आपली मराठी. तीही पुस्तकातली नव्हे. "काय करायलास?" "कुठं चाललाव?" "हे मपलं आहे, ते तुपलं." ही मराठवाड्याची बोली. पुण्याला शिकायला गेलेलं पोरगं पहिल्या महिन्यातच "करायलो" सोडून "करतोय" म्हणायला लागतं, आणि गावी फोन आला की परत "करायलो". हेसुद्धा दोन भाषांत जगणंच आहे बरं का.

दुसरी दखनी उर्दू. हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या मोहल्ल्यांत ऐकायला मिळते. ही लखनौची उर्दू नाही. हिच्यात आपली मराठी मिसळलेली आहे. "नक्को" हा शब्द आपल्या 'नको'वरून. "मैंच जाऊंगा" मधला तो 'च' आपलाच. "कायकू" मधला 'काय' पण आपलाच. शेकडो वर्षं शेजारी राहिलं की असं होतं.

आणि उर्दूचा इथला इतिहास मोठा आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कारभार उर्दूत. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून. म्हणजे आपल्या पणजोबांच्या पिढीतलं शिकलेलं माणूस घरी मराठी बोलायचं, अर्ज उर्दूत लिहायचं. आजही जुन्या जमिनीच्या कागदांत उर्दू निघते आणि मग वाचणारा शोधत फिरावं लागतं. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. एका आयुष्यात माणसाची सरकारी भाषा बदलली. परदेशात न जाता!

तिसरी गोरमाटी. बंजारा समाज पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरायचा. याला लदेणी म्हणत. इंग्रजांच्या काळात रेल्वे आली, धंदा बसला आणि तांडे ठिकठिकाणी स्थिरावले. भाषा मात्र सोबत राहिली. तिचं नातं राजस्थानीशी. आईला 'याडी', भाकरीला 'बाटी', आणि वाक्याच्या शेवटी 'छ' येतो, गुजरातीतल्या 'छे'सारखा. आपल्या शेजारी पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक याच समाजातले. १९६३ ते १९७५ एवढा काळ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

या भाषेला स्वतःची लिपी नाही. त्यामुळे महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत, कर्नाटकात कन्नडमध्ये. दोन चुलतभाऊ, एक कळमनुरीचा आणि एक निजामाबादकडचा, फोनवर मस्त गप्पा मारतील. पण एकाने लिहिलेला मेसेज दुसऱ्याला वाचता येणार नाही. मग दोघं काय करतात? इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, नाहीतर सरळ व्हॉइस नोट पाठवतात.

आणि आपल्या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा बहुभाषिक माणूस कोण? संत नामदेव. हिंगोली तालुक्यातलं नर्सी हे त्यांचं गाव मानलं जातं. मराठीत अभंग रचणाऱ्या या माणसाच्या नावावर शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात ६१ पदं आहेत. ती मराठीत नाहीत, उत्तरेत लोकांना कळेल अशा भाषेत आहेत, तरी त्यांत मराठीच्या खुणा सापडतात. पंजाबमधल्या घुमानला त्यांचं स्थान आहे, म्हणून २०१५ मध्ये ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथं भरलं होतं. सातशे वर्षांपूर्वी हिंगोलीतल्या माणसाचं नाव पंजाबात पोचतं आणि आपली भाषाही विसरलं जात नाही. मग आपल्याला कशाची भीती?

[०९:१५] "दोन भाषांनी पोराचा गोंधळ होतो" हे खरं का?

ही भीती सगळीकडे आहे. दुबईतल्या फ्लॅटमध्ये आहे आणि तांड्यावरही. "पोराशी घरी इंग्रजीच बोला." "पोराशी मराठीच बोला, गोरमाटी बोललात तर शाळेत मागे पडेल." सल्ला देणारे वेगळे, सल्ला एकच: घरची भाषा बंद करा.

एके काळी संशोधकही असंच म्हणायचे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात दोन भाषांच्या पोरांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या की मार्क कमी यायचे. पण त्या चाचण्यांत एक लबाडी होती, मुद्दाम नसेल, पण होती. एका बाजूला गरीब स्थलांतरितांची पोरं आणि दुसऱ्या बाजूला खात्यापित्या घरची एकभाषिक पोरं. मार्क गरिबीमुळे कमी येत होते, खापर फुटत होतं भाषेवर.

१९६२ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी ही चूक टाळली. सारख्या आर्थिक परिस्थितीतली दहा वर्षांची पोरं घेतली. काही फक्त फ्रेंच बोलणारी, काही फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही. निकाल उलटा लागला. दोन भाषांची पोरं पुढे निघाली. दोन भाषांमुळे डोकं किती तल्लख होतं, यावर शास्त्रज्ञ आजही वाद घालतात. पण दोन भाषांनी मूल बिघडतं, ही गोष्ट तेव्हाच मोडीत निघाली.

मग पोरं भाषा मिसळतात, ते? "याडी, मला बाटी दे ना." अर्धी गोरमाटी, अर्धी मराठी. लोकांना वाटतं गोंधळ झाला. गोंधळ नाही हो. नीट ऐकलं तर या मिसळण्याला नियम असतात. पोरगं आपल्या मित्राशी मिसळून बोलतं, पण गावाकडून आलेल्या आजीशी बोलताना तेच पोरगं एक भाषा बाजूला ठेवतं. समोर कोण आहे हे ओळखून भाषा निवडणं म्हणजे गोंधळ कसा? आपण नाही का, मित्राला "ब्रो, कुठंय तू" म्हणतो आणि सरांना "सर, मी पोचतोय"?

फ्रांस्वा ग्रोजाँ नावाचे भाषेचे अभ्यासक आहेत. ते म्हणतात, द्विभाषिक माणूस म्हणजे एकात कोंबलेली दोन माणसं नव्हेत. त्यांनी दाखला अडथळ्यांच्या शर्यतीचा दिलाय. अडथळ्यांची शर्यत धावणारा खेळाडू नुसतं धावण्यात पहिला येणार नाही, उंच उडीतही येणार नाही. पण म्हणून तो अर्धा धावपटू आणि अर्धा उडी मारणारा होत नाही. त्याचा खेळच वेगळा. आपण मात्र पोराची मराठी पुण्याच्या मुलाशी लावून बघतो, इंग्रजी लंडनच्या मुलाशी, आणि दोन्हीकडे नापास ठरवतो.

एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. पोराचे शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांतले मिळून मोजा. स्वयंपाकघरातले शब्द त्याला गोरमाटीत येतात, गणितातले मराठीत, मोबाईलमधले इंग्रजीत. एकाच खिशात हात घालून "पैसे कमी आहेत" म्हणू नका, बाकीचे खिसेही बघा.

[१३:४०] गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. हा नीट ऐका, कारण आपल्या शाळांतले बरेच घोटाळे इथं आहेत.

जिम कमिन्स हे कॅनडातले संशोधक. १९७० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी एक फरक मांडला. भाषा दोन पातळ्यांवर येते. एक गप्पांची: खेळायला चल, पाणी दे, उद्या सुट्टी आहे का. ही साधारण दोन वर्षांत येते, कारण समोर माणूस असतो, हातवारे असतात, प्रसंग डोळ्यांपुढे असतो. दुसरी अभ्यासाची: "खालील उतारा वाचून कारणे लिहा", "प्रकाशसंश्लेषणाची प्रक्रिया स्पष्ट करा". इथं मदतीला कुणी नसतं, फक्त शब्द. ही यायला पाच ते सात वर्षं लागतात.

म्हणजे काय होतं? समजा, एक मुलगी तांड्यावरून पहिलीत आली. पहिल्या दिवशी पुस्तकात चित्र आहे आईचं, खाली लिहिलंय 'आई'. तिच्यासाठी ती याडी. अक्षरही नवं, शब्दही नवा, आवाजही नवा. मराठी घरातल्या पोराला फक्त अक्षर नवं असतं. हिला तिन्ही. ती गप्प बसते. काही महिने गप्पच. नव्या भाषेत पडलेली खूप मुलं अशी गप्प राहतात. ती ऐकत असतात, साठवत असतात. पण वहीवर शेरा पडतो: "वर्गात बोलत नाही."

तिसरीपर्यंत ती भरभर मराठी बोलायला लागते. गुरुजी खूश. आता भाषेचा प्रश्न मिटला. पण पाचवीत इतिहासाचा धडा आला की ती अडकते. आता सगळे म्हणतात, "मराठी तर चांगली बोलते, म्हणजे डोकंच नाही." चूक! गप्पांची मराठी आली, अभ्यासाची अजून येतेय. तिच्या डोक्यात काही कमी नाही, घड्याळात वेळ कमी आहे.

त्यात आठवीला सेमी-इंग्रजी. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. अभ्यासाची मराठी नुकतीच पक्की होत होती, तेवढ्यात मैदानच बदललं.

हेच दुबईतल्या किंवा दोह्यातल्या मराठी पोराचं होतं का? होतं, अगदी हेच. पण तिथल्या चांगल्या इंटरनॅशनल स्कूलमध्ये इंग्रजी नवी असणाऱ्या मुलांसाठी वेगळी शिक्षिका असते. तिला माहीत असतं की हे मूल काही महिने गप्प राहणार आहे. घरी आई-बाबा इंग्रजी वाचू शकतात. ट्यूशन असते. फरक पोरात नाही, फरक आजूबाजूच्या आधारात आहे. आणि हा आधार देणं काही परग्रहावरची गोष्ट नाही. ओडिशात २००६-०७ पासून आदिवासी मुलांना सुरुवातीची वर्षं त्यांच्याच भाषेत शिकवणारा कार्यक्रम सुरू झाला, पहिल्यांदा दहा भाषांत. आपल्या राज्यघटनेतलं कलम ३५० अ हेच सांगतं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी.

[१८:०५] कोणती भाषा मोजली जाते?

२०२५ मध्ये आपल्याकडे केवढा वाद झाला आठवतोय ना? एप्रिलमध्ये सरकारने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची करायचा निर्णय काढला, विरोध झाला, जूनच्या शेवटी निर्णय मागे घेतला. टीव्हीवर रोज चर्चा: लहान मुलांवर तीन भाषांचं ओझं नको. मुद्दा रास्तच आहे. पण त्या सगळ्या चर्चेत तांड्यावरचं पोरगं कुठं होतं? त्याच्यासाठी मराठी हीच दुसरी भाषा. इंग्रजी पहिलीपासून आहेच, २००० सालापासून. म्हणजे तिसरी. हिंदी आली असती तर चौथी. त्याचं ओझं कुणी मोजलंच नाही, कारण त्याची पहिली भाषा शाळेच्या कागदावर नाही.

जनगणनेतही तसंच. २०११ ला लमाणी किंवा लंबाडी ही मातृभाषा सांगणारे ३२ लाखांहून जास्त लोक होते. पण ते वेगळे दिसत नाहीत, कारण त्यांची बेरीज 'हिंदी'च्या रकान्यात केली आहे. त्याच जनगणनेत दहा हजारांपेक्षा जास्त लोक बोलतात अशा १२१ भाषा धरल्या आणि त्यांतल्या २२ आठव्या अनुसूचीत. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकभाषा सर्वेक्षणात मात्र देशभरात ७८० भाषा नोंदवल्या गेल्या. मोजणारा कुठं उभा आहे त्यावर आकडा बदलतो.

आता मराठीची बाजूही बघू. परदेशात मराठीची गत आपल्याकडच्या गोरमाटीसारखी होते. इथं आपण मोठी भाषा, तिकडे आपण लहान. मॉरिशसचं उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर तिकडे गेले. त्यांची आजची पिढी घरीदारी क्रिओल बोलते, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच, आणि मराठी एक विषय म्हणून शिकते. मराठी घरातून जवळपास गेली, पण शाळेनं धरून ठेवली. उत्तर अमेरिकेत उलटं. शाळेत मराठी नाही, म्हणून बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या गावोगावच्या मंडळांनी सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या मराठी शाळा काढल्या. आणि आपल्या राज्याने २०२० मध्ये कायदा करून सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. अगदी आयबीच्या शाळांतही.

म्हणजे आपल्याला कळतं की शाळेचा आधार नसेल तर भाषा टिकत नाही. मराठीसाठी आपण हे ओरडून सांगतो. मग तेच गोरमाटीसाठी ऐकायला काय हरकत आहे?

[२२:००] भाषा जाते कशी?

भाषा एका दिवसात जात नाही. तिचा जाण्याचा एक क्रम आहे.

आधी पोरगं शाळेची भाषा घरी आणतं. मग भावंडं आपसात तीच बोलायला लागतात. हा सगळ्यात मोठा टप्पा, कारण आई-बापापेक्षा पोरं एकमेकांशी जास्त बोलतात. मग आई गोरमाटीत विचारते आणि पोरगं मराठीत उत्तर देतं. किंवा आई मराठीत विचारते आणि पोरगं इंग्रजीत उत्तर देतं. तांडा असो की टोरांटो, दृश्य एकच. मग एक दिवस वाक्य येतं: "मला समजतं, पण बोलता येत नाही." त्या पुढच्या पिढीला समजतही नाही.

लिली वाँग फिलमोर या संशोधकांनी १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एक हजारांहून जास्त स्थलांतरित कुटुंबांचा अभ्यास मांडला. लहान वयात इंग्रजी शाळेत गेलेली मुलं घरची भाषा फार लवकर सोडत होती. त्यांनी नोंदवलेली खरी काळजी मार्कांची नव्हती. आई-बापाला पोराला समजावता येईना, पोराला आपलं दुःख सांगता येईना. एका छताखाली राहून दोघांच्या भाषा सुटल्या.

विचार करा. तुम्ही सोळा-सतरा वर्षांचे आहात, मनात काहीतरी मोठं चाललंय, आणि ते आईला सांगायला तुमच्याकडे शब्दच नाहीत. किंवा आजी शेवटच्या दिवसांत काहीतरी बोलतेय आणि तुम्हाला अर्धंच कळतंय. भाषा जाते म्हणजे हे जातं.

आणि आपल्याकडे एक आणखी गट आहे, ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. ऊसतोड कामगारांची पोरं. दिवाळीच्या आसपास आई-बापासोबत निघायचं, पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर थेट कर्नाटकात. कोपीत राहायचं, आजूबाजूला कन्नड. पोरं तीही उचलतात. उन्हाळ्यात परत. इंटरनॅशनल स्कूलमधलं पोरगं बापाच्या बदलीमुळे दर तीन वर्षांनी देश बदलतं. हे पोरगं दरवर्षी दोनदा मुलूख बदलतं. एकाचा अभ्यासक्रम सोबत जातो, म्हणून तर आयबी निघालं. दुसऱ्याची हजेरी तुटते. हंगामी वसतिगृहं आहेत, साखरशाळांचे प्रयत्नही झाले, पण आई-बापाबरोबर कोपीवर गेलेल्या पोराची शाळा त्याच्यामागे गेली तरच त्याचं वर्ष वाचतं.

[२६:२०] मग करायचं काय?

हे ऐकणारे तुम्ही बहुतेक पंधरा ते पंचविशीतले. धोरण तुमच्या हातात नाही. पण बरंच काही आहे.

एक. धाकट्या भावंडांशी घरच्या भाषेत बोला. आत्ताच सांगितलं, भाषा भावंडांत तुटते. म्हणजे तिथंच जोडताही येते. तुम्ही शाळा-कॉलेजात शिकलेले असून गोरमाटीत बोलता, हे धाकट्यानं बघितलं की त्याला कळतं की ही भाषा अडाण्यांची नाही.

दोन. मोबाईल काढा आणि आजीला रेकॉर्ड करा. गाणी, ओव्या, म्हणी, बैलांना हाकायचे शब्द, पावसाची नावं. घरात लग्न असेल तर बंजारा बायकांची गाणी आवर्जून. त्यांना आधी विचारा आणि मगच रेकॉर्ड करा. फाईलला नाव द्या, गाव आणि तारीख लिहा, एक कॉपी दुसऱ्या फोनवर ठेवा.

तीन. लिहा. लिपी नाही म्हणून थांबू नका. देवनागरी आहे ना? घरच्या ग्रुपवर रोज एक मेसेज आपल्या बोलीत टाका. शुद्धलेखनाची चिंता करू नका, तुमच्या बोलीचं शुद्धलेखन अजून कुणी ठरवलेलंच नाही. ते ठरवणारे तुम्हीच आहात.

चार. तुम्ही डीएड, बीएड करत असाल किंवा उद्या मास्तर-मॅडम होणार असाल, तर वर्गातल्या पोरांच्या भाषेतले पन्नास शब्द शिका. पहिलीच्या गप्प पोरीला "तारो नाम कांयी?" एवढं विचारलं तरी तिची मान वर होईल. पोर चुकून गोरमाटीत उत्तर देईल तेव्हा "मराठीत बोल" म्हणायच्या आधी "बरोबर" म्हणा. उत्तर बरोबर होतं, भाषा वेगळी होती.

पाच. परदेशात राहणाऱ्या मावशी-काकांच्या पोरांना हसू नका. ते येतात, "मी केली, मी गेला" असं बोलतात, आणि आपण सगळे खो-खो हसतो. पुढच्या वर्षी ते पोरगं इंग्रजीशिवाय तोंड उघडत नाही. मोडकी मराठी ही तुटत चाललेली मराठी नसते, ती जोडायला निघालेली असते. हसून ती तोडू नका. हीच गोष्ट तुमच्या वर्गातल्या तांड्यावरच्या मित्रालाही लागू आहे.

सहा. स्वतःच्या "करायलो"ची लाज सोडा. मुलाखतीत प्रमाण मराठी बोला, जरूर बोला, ती यायलाच पाहिजे. पण खोलीवर परत आलात की परत "करायलो". दोन्ही येणं हीच कमाई आहे.

[२९:४०] जाता जाता

भाषा शिकायला हिंगोली सोडून जायची गरज नाही, आणि हिंगोली सोडून गेलात तरी भाषा सोडायची गरज नाही. नवी भाषा शिकण्यासाठी जुनी मोकळी करून जागा करावी लागत नाही. डोकं म्हणजे काही भरलेली एसटी नाही, की एक उतरल्याशिवाय दुसऱ्याला बसता येत नाही.

तर मंडळी, तुमच्या घरात बोलला जाणारा, पण कुठल्याच पुस्तकात न सापडलेला एक शब्द आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा. गोरमाटी, दखनी, आंध समाजाची मराठी, मराठवाडी, काहीही चालेल. शब्द, अर्थ आणि तो कोण वापरतं, एवढं सांगा. आलेले शब्द पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. हा भाग आवडला तर तुमच्या ओळखीतल्या एखाद्या झेडपीच्या गुरुजींना नक्की पाठवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. राम राम!